जुन्या गाडीचा इंधन पंप निकामी झाला तर...

कोल्हापूर - धावती मोटार एकाएकी गचके देऊ लागते. अॅक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढत नाही आणि थोडे अंतर जाऊन इंजिन शांत होते. काटा टाकीत इंधन असल्याचे दाखवतो, बॅटरीही ठणठणीत असते. मात्र गाडी पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नाही. पंधरा-वीस वर्षे वापरात असलेल्या वाहनाच्या बाबतीत अशा वेळी संशयाची सुई बहुधा इंधन पंपाकडे वळते. अनेकदा हा संशय खरा ठरतो. मात्र तितक्याच वेळा पंप निर्दोष असतो आणि दोष दुसरीकडेच निघतो. नवा पंप बसवूनही गाडी बंदच राहिली, असा अनुभव येतो तो त्यामुळेच.

कोल्हापूर परिसरातील वाहनधारकांसाठी हा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे. शहरातून कोकणात उतरायचे तर आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट ओलांडावा लागतो आणि इंधनपुरवठ्यातील दुबळेपणा नेमका चढणीवर उघडा पडतो. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. त्यात आता पेट्रोलमधील वाढत्या इथेनॉलची भर पडली आहे. ज्या उसावर जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे, त्याच उसापासून तयार होणारे इथेनॉल जुन्या गाड्यांच्या पंपातील रबरापर्यंत पोचले आहे. म्हणूनच पंप कसा चालतो, तो कशाने बिघडतो आणि बिघडल्यावर काय करावे व काय कटाक्षाने टाळावे, याची माहिती जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला असायला हवी.

पंप तीन प्रकारचे

'पेट्रोल पंप' म्हटले की आपल्याकडे इंधन विक्रीचे ठिकाणच डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत आहे तो टाकीतील इंधन इंजिनापर्यंत पोचविणारा, गाडीतच बसविलेला पंप. गाडीत कोणत्या प्रकारचा पंप आहे हे ठाऊक नसेल, तर तपासणीची सुरुवातच चुकते.

पहिला प्रकार कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांतील यांत्रिक पंपाचा. अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीच्या मारुती ८०० या गाड्यांत तो इंजिनाच्या बाजूलाच बसविलेला असतो. जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी त्याचे नाव 'एसी पंप' असे आहे. त्याचा वातानुकूलन यंत्रणेशी काही संबंध नाही. पूर्वी असे पंप बनविणाऱ्या कंपनीच्या नावावरून ते रूढ झाले. या पंपात डायफ्राम म्हणजे रबरी लवचिक पडदा असतो. इंजिन फिरू लागले की कॅमशाफ्टवरील उंचवटा पंपाची दांडी दाबतो, पडदा खाली ओढला जातो आणि टाकीतून पेट्रोल आत येते. पुढच्या क्षणी पंपातील स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि तेच पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. एक झडप इंधन आत घेते, दुसरी बाहेर सोडते. हा पंप जेमतेम ०.२ ते ०.३५ बार इतकाच दाब निर्माण करतो. कार्बोरेटरला त्याहून जास्त लागतही नाही.

दुसरा प्रकार एमपीएफआय, अर्थात इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांतील विजेवर चालणाऱ्या पंपाचा. सन २००० मध्ये देशभर नवे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि त्या सुमारास आपल्याकडील मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार होऊ लागला. विजेवरील पंप बहुतेक गाड्यांत टाकीच्या आत, इंधनात बुडालेला असतो. त्याचा दाब साधारण २.५ ते ३.५ बार, म्हणजे यांत्रिक पंपाच्या सुमारे दहापट असतो. एकच मारुती ८०० दोन्ही जमान्यांत धावली. तिची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली, तर उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावरून पंपाचा प्रकार ठरवता येत नाही. गाडीचे वर्ष आणि इंजिन पाहावे लागते.

तिसरा प्रकार डिझेल वाहनांचा. जुन्या जीप, ट्रॅक्टर, टेम्पो यांत टाकीतून डिझेल ओढून घेणारा फीड पंप वेगळा आणि ते प्रचंड दाबाने इंजिनात फवारणारा इंजेक्शन पंप वेगळा असतो. या दोहोंतला फरक न जाणता 'डिझेल पंप गेला' असे म्हणणे महागात पडते. फीड पंपाची दुरुस्ती तुलनेने किरकोळ असते. इंजेक्शन पंपाचे काम मात्र त्यासाठीची तपासणी यंत्रे असलेल्या खास कार्यशाळेतच करावे लागते.

बहुतेक जुन्या मोटारसायकलींत पंप नसतोच. टाकी इंजिनाच्या वर असल्याने पेट्रोल आपोआप खाली येते.

पंप आधी सूचना देतो

पंप सहसा एका दिवसात मरत नाही. रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात गाडी नीट चालते. मात्र चढण लागली किंवा ओव्हरटेक करताना अधिक इंधनाची गरज भासली की ती धाप लागल्यासारखी वागते. सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते. ही कमकुवत पंपाची ठळक लक्षणे आहेत.

यांत्रिक पंपाच्या बाबतीत आणखी एक लक्षण सर्वांत गंभीर मानले पाहिजे. डायफ्राम फाटला तर पेट्रोल पंपाच्या खालच्या छिद्रातून बाहेर ठिबकते किंवा इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवरील ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. किरकोळ खर्चाचा पंप वेळीच न बदलल्याने सबंध इंजिन खोलण्याची वेळ येते ती अशी. पंप बदलल्यानंतर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलणे आवश्यक असते.

विजेवरील पंपाचे लक्षण कानाला कळते. मागच्या आसनाखालून येणारा मंद आवाज वाढून कर्कश झाला की पंपाची घरघर लागली, असे समजावे.

पंपाला दोष देण्यापूर्वी

सोप्या व बिनखर्ची गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे जाणे, हा तपासणीचा योग्य क्रम होय.

टाकीत खरोखर इंधन आहे का, हे आधी पाहावे. जुन्या गाड्यांच्या काट्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर टाकीचे झाकण उघडावे. इंधन कमी होईल तशी बाहेरची हवा टाकीत येणे गरजेचे असते. झाकणातील किंवा हवेच्या नळीतील मार्ग धुळीने बुजला की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि चांगला पंपही इंधन ओढू शकत नाही. झाकण उघडताच 'सुस्स' असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर दोष झाकणाचा आहे.

तिसरी पाळी फिल्टरची. टाकीतील गंज आणि गाळ त्यात साचतो. फिल्टर शेवटचा कधी बदलला हे मालकाला आठवत नसेल, तर तो बदलण्याची वेळ उलटून गेली असे खुशाल समजावे.

चौथी गोष्ट रबरी नळ्यांची. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीला बारीक चीर असेल, तर तेथून पेट्रोल गळेलच असे नाही. उलट पंप तेथून हवा ओढतो. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही आणि पंप मात्र निकामी असल्यासारखा वागतो. क्लिपा सैल असल्या तरीही हेच घडते.

अखेरीस ठिणगी तपासावी. इंजिनाला इंधनाइतकीच ठिणगीचीही गरज असते. इंधनाअभावी बंद पडणारी गाडी बहुधा आधी गचके देते, तर ठिणगी तुटली की ती दिवा विझावा तशी एकदम बंद पडते. हा नियम काटेकोर नाही. पण तपासणीची दिशा ठरविण्यास तो उपयोगी पडतो.

यांत्रिक पंपाची परीक्षा

यांत्रिक पंपाची चाचणी सोपी आहे. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिचे टोक धातूच्या भांड्यात सोडायचे, इग्निशन कॉइलची जोडणी काढून ठेवायची आणि दुसऱ्या माणसाने स्टार्टर फिरवायचा. पंप चांगला असेल तर ठरावीक लयीत पेट्रोलच्या जोरकस पिचकाऱ्या येतात. नुसते ठिबकत असेल किंवा बुडबुडे येत असतील, तर पंपात अथवा त्याच्या मागच्या नळीत दोष आहे. मागची नळी काढून स्वच्छ पेट्रोलच्या लहान डब्यात सोडली आणि पंप व्यवस्थित काम करू लागला, तर पंप निर्दोष ठरतो. बिघाड टाकी, फिल्टर किंवा नळीत असतो.

ही चाचणी इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवूनच करावी. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. ज्याला हे काम सरावाचे नाही, त्याने ते जाणकार मेकॅनिकवर सोपवावे.

पंप बदलताना एक बारकावा हमखास दुर्लक्षिला जातो. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड ठोकळा आणि गॅस्केट असते. त्यांची जाडी कंपनीने ठरवल्याप्रमाणेच ठेवावी लागते. ती वाढली तर दांडीला पुरेसा दाब मिळत नाही आणि नवा पंपही कमी इंधन देतो. ती घटली तर दांडीवर ताण येऊन पंप लवकर मोडतो. ठोकळा गाळूनच टाकला, तर इंजिनाची उष्णता थेट पंपाला भिडते.

विजेवरील पंप : आवाज ऐका

इंजेक्शनच्या गाडीत इंजिन सुरू न करता चावी 'ऑन' स्थितीत फिरविली की दोन-तीन सेकंद मागून पंपाचा मंद आवाज येतो. तो आला नाही, तर लगेच पंप बदलायला घेऊ नये. फ्यूज, रिले, पंपाच्या तारांची जोडणी आणि अर्थिंग आधी पाहावे. काही मोटारींत धक्का बसल्यावर इंधन बंद करणारा सुरक्षा स्विच असतो. खड्ड्यातील जोरदार आदळआपटीनेही तो पडू शकतो. पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत असूनही तो फिरत नसेल, तरच तो निकामी समजावा. आवाज येत असूनही गाडी सुरू होत नसेल, तर दाबमापक लावून दाब मोजावा. केवळ आवाजावरून पंप चांगला ठरत नाही.

या पंपाला थंड ठेवण्याचे आणि वंगण पुरविण्याचे काम टाकीतील इंधनच करते. नेहमी शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून टाकी तळाशी ठेवण्याची सवय त्याच्या मुळावर येते. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांत तर हा धोका अधिक. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी जवळजवळ कोरडी ठेवली जाते आणि गरज पडेल तेव्हा पंप दगा देतो. टाकी किमान पाव भरलेली ठेवणे, हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

पंप काढण्यापूर्वी नळीतील दाब उतरविणे अनिवार्य आहे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे आणि नंतर बॅटरीची ऋण जोडणी काढायची, ही रूढ पद्धत होय. तसे न करता नळी सोडल्यास पेट्रोलचा फवारा थेट अंगावर येतो. नव्या पंपासोबत त्याच्या तोंडाची जाळी आणि सीलही नवे घ्यावे आणि टाकी आतून स्वच्छ करावी. गाळाने भरलेल्या टाकीत बसविलेला नवा पंप फार दिवस टिकत नाही.

डिझेलची तऱ्हा निराळी

डिझेलच्या जुन्या वाहनांत पंपापेक्षा हवेची तक्रार अधिक असते. टाकी पूर्ण रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा नळी सैल पडली की यंत्रणेत हवा शिरते. 'गाडीने एअर धरली' असे म्हणतात ते यालाच. फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाचा हाताचा प्रायमर मारत राहायचा आणि बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळायचा, असा हा उपाय आहे. गरज पडल्यास इंजेक्शन पंपावरील स्क्रूपाशीही हीच कृती करावी लागते. हवा काढूनही ती पुन्हा पुन्हा शिरत असेल, तर नळी, वॉशर किंवा फीड पंपाची गळती शोधली पाहिजे. प्रायमर मारताना हाताला जोर जाणवत नसेल, तर फीड पंपाच्या झडपा किंवा डायफ्राम गेलेला असू शकतो.

इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांतील फवारा बोटाने अडवून पाहण्याचा मोह कोणी करू नये. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. परंतु वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमावण्याची पाळी येते. अशी इजा झाल्यास वेदना कमी असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

घाटात गाडी बंद पडल्यास

उन्हाळ्यात चढणीवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटताना बॉनेटखाली उष्णता कोंडते. यांत्रिक पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ ढकलणे त्याला जमत नाही. गॅरेजच्या भाषेत हे 'व्हेपर लॉक'. या अवस्थेत पंप खराब झालेला नसतो. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटे थांबणे आणि पंपावर ओले फडके ठेवणे, एवढ्यानेही गाडी बहुधा सुरू होते. सतत स्टार्टर मारून बॅटरी मात्र उतरवू नये.

त्याआधी सुरक्षिततेची काळजी महत्त्वाची. गाडी वळणावर न ठेवता शक्य तितकी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि लाल त्रिकोण सुमारे ५० मीटर मागे ठेवावा. प्रवाशांना गाडीत बसवून न ठेवता रस्त्याच्या सुरक्षित बाजूला उभे करावे. चाकाला दगडाची उटी लावली असेल, तर निघताना तो दगड न विसरता उचलावा. रस्त्यात तसेच राहिलेले दगड रात्री दुचाकीस्वारांच्या जिवावर बेततात. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आणीबाणीत ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

जुगाड जिवावर बेतू शकतो

पंप बंद पडला की पेट्रोलने भरलेला प्लॅस्टिकचा डबा बॉनेटजवळ किंवा टपावर बांधायचा आणि नळीने थेट कार्बोरेटरला जोडायचा, ही युक्ती आजही सांगितली जाते. गुरुत्वाकर्षणाने पेट्रोल खाली येते आणि गाडी चालतेही, हे खरे. परंतु तापलेले इंजिन, ठिणग्या देणारी वायरिंग आणि वर डुचमळणारे पाच लिटर पेट्रोल अशी ती रचना असते. एका गचक्याने नळी निसटली की सगळे इंधन एक्झॉस्टवर सांडते. आत माणसे बसलेली असताना हा प्रयोग करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. गाडी ओढून नेण्याचा खर्च त्यापुढे क्षुल्लक ठरतो.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवयही अशीच घातक आहे. पेट्रोलचा थोडा अंश श्वासनलिकेत गेला तरी फुफ्फुसांना गंभीर सूज येऊ शकते. पेट्रोल पोटात गेल्यास उलटी करवू नये; त्यामुळे ते फुफ्फुसांत जाण्याचा धोका वाढतो. रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. साध्या हातपंपाची नळी बाजारात मिळते, ती गाडीत ठेवावी.

यांत्रिक पंपाऐवजी विजेवरील पंप बसवून घेण्याकडेही काहींचा कल असतो. तो कार्बोरेटरसाठीचा, कमी दाबाचा असेल तरच चालतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप कार्बोरेटरला जोडल्यास त्याचा दाब तेथील सुईला पेलवत नाही आणि पेट्रोल उतू जाऊन इंजिनावर सांडते. शिवाय अपघातात इंजिन बंद पडल्यावरही असा पंप इंधन फेकत राहू शकतो. त्यामुळे इंजिन थांबताच त्याची वीज तोडणारी व्यवस्था असल्याखेरीज तो बसवू नये.

पेट्रोलने पेट घेतलाच, तर पाणी ओतू नये. आग पाण्यावर तरंगत पसरते. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे वापरावे. बॉनेटखालून धूर किंवा ज्वाळा दिसत असतील, तर बॉनेट पूर्ण उघडण्याची घाई करू नये. आधी माणसांना दूर न्यावे.

इथेनॉल आणि जुने रबर

महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ मध्ये ५ टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला सुरुवात झाली. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचले. ऊस उत्पादकाच्या पदरात यामुळे चार पैसे पडले आणि साखरेच्या पडत्या भावाला पर्याय मिळाला, ही बाजू कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात नाकारता येणार नाही.

दुसरी बाजू अशी, की १९८० आणि ९० च्या दशकांतील गाड्यांचे रबर या इंधनासाठी बनविलेलेच नव्हते. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते किंवा कालांतराने तडकते. पंपाचा डायफ्राम, झडपांच्या चकत्या, नळ्या आणि कार्बोरेटरची गॅस्केट यांवर त्याचा परिणाम होतो. इथेनॉल टाकीतील जुना थर सैल करते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशात काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे मान्य केले. हे काम नियमित सर्व्हिसिंगमध्ये, अल्प खर्चात होण्यासारखे आहे, अशी मंत्रालयाची भूमिका आहे. या मिश्रणाविरोधातील जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेव्हा जुनी गाडी चालवायची, तर हेच इंधन वापरावे लागणार, हे गृहीत धरले पाहिजे.

उपाय साधा आहे. पंप बंद पडण्याची वाट न पाहता डायफ्राम आणि सर्व रबरी नळ्या एकदाच बदलून घ्याव्यात. नवे भाग घेताना ते इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी योग्य आहेत ना, हे दुकानदाराला विचारून आणि वेष्टन पाहून खात्री करावी. अनेक वर्षे दुकानात पडून राहिलेला 'जुना पण अस्सल' पंप स्वस्तात मिळाला, तरी त्यातील रबर जुन्याच प्रकारचे असते, हे विसरू नये. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर अधूनमधून चालवावी. उभ्या गाडीतील इंधन जुने होऊन चिकट थर धरते आणि झडपा अडकतात.

महापुरात बुडालेली गाडी

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोकापातळी ओलांडली, की शहरातील सखल भागांत वाहने हलविण्याची धावपळ सुरू होते. ज्यांची गाडी पाण्यात राहिली, त्यांनी पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. पाणी पेट्रोल आणि डिझेलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि पंप इंधन ओढतो तो नेमका तळातून. चावी फिरविताच ते पाणी पंप, फिल्टर आणि इंजेक्टरपर्यंत पोचते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये आणखी एक गुंतागुंत होते. इथेनॉल थोडे पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत खाली बसते. वर पेट्रोल आणि तळाशी पाणी-इथेनॉलचे मिश्रण असे दोन थर होतात. या तळाच्या थरावर इंजिन चालत नाही, शिवाय तो धातूला गंज आणतो. वरचे पेट्रोल चांगले दिसते म्हणून ते ठेवून घेण्यात अर्थ नाही. टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवून आणि फिल्टर बदलूनच नवे इंधन भरावे. विमा असेल, तर गाडी सुरू करण्यापूर्वी कंपनीला कळवावे.

दुरुस्ती की नवा पंप?

यांत्रिक पंपाचे रिपेअर किट मिळत असेल, तर डायफ्राम, झडपा आणि स्प्रिंग बदलून तो पुन्हा कामाला लावता येतो. मात्र दांडी आणि तिची पिन झिजली असेल किंवा पंपाचे ओतीव अंग वाकले असेल, तर किटचा उपयोग नाही. विजेवरील पंपाची मोटर दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. ती बदललेलीच बरी.

अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. अशा गाड्यांचे अस्सल सुटे भाग दुर्मिळ होत चालले आहेत आणि बाजारात नकली मालाचा सुळसुळाट असतो. नकली पंपात सर्वांत आधी दगा देतो तो डायफ्राम. या बाबतीत कोल्हापूर तुलनेने सुदैवी आहे. ऑइल इंजिन आणि ओतकामाची परंपरा असलेल्या शिवाजी उद्यमनगरात आणि शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत झिजलेली पिन नव्याने घडविणारे, ठोकळा मापात कापून देणारे आणि वाकलेला पृष्ठभाग सपाट करून देणारे कारागीर आहेत. पंपाचा धातूचा सांगाडा टिकवून आतले रबर नव्या प्रतीचे घालणे, हा दुर्मिळ गाड्यांसाठी व्यवहार्य मार्ग ठरतो. जुना पंप म्हणूनच लगेच भंगारात देऊ नये.

काम झाल्यावर जुने भाग मागून घ्यावेत. इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडापाशी गळती तपासावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालची जमीन व ऑइलची पातळी पुन्हा पाहावी.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होते. सुस्थितीतील जुनी गाडी रस्त्यावर आणण्यास त्यामुळे आडकाठी नाही. ती सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच.

हे लक्षात ठेवा

- गाडीत कोणत्या प्रकारचा पंप आहे, ते आजच पाहून ठेवा.
- इंधन, झाकण, फिल्टर, नळ्या, ठिणगी आणि मग पंप, हा तपासणीचा क्रम सोडू नका.
- ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका.
- टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका.
- घाटात जाण्यापूर्वी आणि पावसाळ्याआधी नळ्या व क्लिपा तपासा.
- जादा फिल्टर, नळीचा तुकडा, क्लिपा, लाल त्रिकोण आणि अग्निशामक नळकांडे गाडीत असू द्या.
- उघड्या डब्यातून इंजिनाला पेट्रोल देण्याचा प्रयोग कोणी कितीही आग्रह केला तरी करू नका. गाडी ओढून गॅरेजला न्या.